प्रश्न आधी, विमान नंतर

जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत एका फायलीवरून बरंच रण माजलं. सरकारी शाळांतल्या प्राथमिक शिक्षकांना तीस-तीसच्या तुकड्यांनी फिनलंडला प्रशिक्षणासाठी पाठवायचा दिल्ली सरकारचा प्रस्ताव होता. आजवरच्या अशा दौऱ्यांतून खर्चाच्या मानाने हाती काय लागलं, अशी विचारणा नायब राज्यपालांनी केली. पुढच्याच महिन्यात पंजाबने ३६ प्राचार्य सिंगापूरला धाडले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ७२ प्राथमिक शिक्षक फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाकडे रवाना केले. वाद व्हायचा तसाच झाला. एका बाजूने शिक्षणाची कळकळ, दुसऱ्या बाजूने उधळपट्टीचा आरोप. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला, आणि तो प्रश्न चांगला होता. परक्या देशातली शाळा पाहून शिक्षकाला नेमकं काय मिळतं? कोणत्या शिक्षकाला मिळतं? आणि नोकरीच्या कोणत्या टप्प्यावर मिळतं? रायपूरसारख्या शहरातून या प्रश्नांकडे पाहिलं, तर दिल्ली-चंदीगडपेक्षा वेगळं उत्तर समोर येतं. परदेशी पाठवायच्या यादीत पहिलं नाव अजून शिक्षक न झालेल्या छात्राध्यापकाचं असावं, आणि देशांच्या यादीत पहिलं नाव फिनलंडचं असलंच पाहिजे असं नाही.

आधी रायपूरचा छात्राध्यापक कोणत्या शाळेत जाणार आहे ते पाहू. शंकर नगरात राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद आहे, शासकीय शिक्षक शिक्षा महाविद्यालय आहे. इथे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ‘डाइट’मध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये, डी.एल.एड., बी.एड. करणारी मुलं-मुली सराव पाठ घेतात, टाचणं काढतात, निरीक्षकाच्या सह्या घेतात. नेमणूक मात्र बस्तरच्या किंवा सरगुजाच्या एखाद्या गावात होऊ शकते. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडची लोकसंख्या २ कोटी ५५ लाख, आणि त्यात ३०.६ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. पहिलीत बसलेलं मूल घरी गोंडी बोलतं, कुडुख बोलतं, नाहीतर मराठी कानाला अर्धीमुर्धी ओळखीची वाटणारी हल्बी बोलतं. बाजारात छत्तीसगढी ऐकतं आणि पाठ्यपुस्तक उघडतं ते हिंदीत. त्यातच काही शाळांत एकच शिक्षक. २०२५ साली राज्य सरकारने ‘युक्तियुक्तकरण’ या नावाने शाळांची आणि शिक्षकांची फेरमांडणी केली, कारण कुठे शिक्षक गरजेपेक्षा जास्त होते आणि कुठे एकही नव्हता. तेव्हा या छात्राध्यापकापुढचे प्रश्न दोन. मुलाची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी असताना वाचायला कसं शिकवायचं, आणि एका खोलीत तीन-चार इयत्ता असताना सगळ्यांना कामाला कसं लावायचं. परदेशी शाळेची उपयुक्तता मोजायची ती याच दोन प्रश्नांच्या मापाने.

प्रश्न घेऊन परदेशी जाण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायच्या इराद्याने. ऐकायला कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला आणि त्या शिक्षणशास्त्राकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकत. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि लगेच परत न फिरता अमेरिकेतच राहिल्या. फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचं त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं, तिथल्या शिक्षणसंस्था पाहिल्या, व्याख्यानं देत देशभर हिंडल्या. मनातला प्रश्न पक्का होता: उच्चवर्णीय घरांतल्या बालविधवांना स्वतःच्या पायांवर उभं करायचं तर त्यांना काय शिकवायचं, आणि शिकवणार कोण? म्हणूनच ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, तेव्हा जवळ मदतनिधी होता तसा अध्यापनाचा विचारही होता. त्याच वर्षी निघालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात त्यांनी अमेरिकेतल्या शिक्षणाचं मनापासून कौतुक केलं, पण तिथल्या कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही झाकून ठेवली नाही. शिकायला गेलेल्या माणसाचे डोळे दिपले नाहीत, हे त्या पुस्तकाचं मोठेपण.

या कामाची साखळी पुढे लांबवर गेलेली दिसते. शारदा सदनात सुरुवातीलाच दाखल झालेल्या गोदूबाईंचा १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना तिचं मोल त्यांच्या ध्यानात आलं, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभं राहिलं. त्या जपानी विद्यापीठाचे संस्थापक जिन्झो नारुसे हेही अमेरिकेत शिकून आलेले. म्हणजे एक कल्पना अमेरिकेहून तोक्योला आणि तिथून पुण्याला आली, आणि दर मुक्कामी तिचं रूप पालटलं. कर्व्यांनी आपल्या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून ठेवलं. ते स्वतः १९२९ साली परदेश दौऱ्यावर निघाले, तेव्हा विद्यापीठ तेरा वर्षांचं झालं होतं. प्रवास आधी झाला की नंतर, याला फारसं महत्त्व नाही. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचं काय करायचं हा प्रश्न कर्व्यांच्या मनात वर्षानुवर्षं घोळत होता, म्हणून एका छोट्या पुस्तिकेतूनही त्यांना वाट दिसली. असा प्रश्न नसता, तर जपानला दहा वेळा जाऊनही काही हाती लागलं नसतं.

रायपूरच्या दृष्टीने याहून जवळचा दाखला पालघर जिल्ह्यातला आहे. मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं. भारतात मात्र ती पद्धत येता येता महाग साहित्यासकट आली आणि बऱ्याच ठिकाणी सुखवस्तू घरांपुरती उरली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांना हे सलत होतं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं शाळेत येईनात, कारण दिवसभर गुरांमागे असायची. तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत, आणि मोजायला, लावायला, रंग ओळखायला हाताशी आहेत खडे, बिया, पानं, शंखशिंपले. इंद्रियांना वळण लावायचं आणि मुलाला आपल्या हाताने, आपल्या गतीने शिकू द्यायचं, हे माँटेसरीचं तत्त्व तिथे पुरेपूर होतं; इटालियन पेटी तेवढी नव्हती. परकी पद्धत आपल्याकडे रुजली की नाही याची खूण हीच. मूळ वस्तू काढून घेतल्या तरी काम चालू राहतं का, ते बघावं.

आता परदेशात बघायचं काय? दौऱ्यावरून परतलेल्यांच्या अहवालांत सहसा वर्गांच्या काचेच्या भिंती येतात, सुताराची अवजारं येतात, पंचेचाळीस मिनिटांच्या तासानंतरची पंधरा मिनिटांची सुट्टी येते. हे सगळं खरं आहे, पण यातलं काहीच कारण नव्हे. फिनलंडने १९७९ पासून शिक्षकाला पदव्युत्तर पदवी सक्तीची केली. प्राथमिक शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला दहा अर्जांमागे साधारण एकाला प्रवेश मिळतो. विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत आणि तिथला अनुभवी शिक्षक छात्राध्यापकाशेजारी बसून एकेका पाठाची चिकित्सा करतो. सिंगापूरमध्ये शिक्षक घडवणारी संस्था एकच आहे. तिथे शिकणाऱ्या भावी शिक्षकाला पगार मिळतो आणि नोकरीत वर्षाला शंभर तासांचं प्रशिक्षण हा त्याचा हक्क असतो. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ही अपेक्षा पन्नास तासांची धरली आहे. शाळेच्या इमारतीत हे कुठेच दिसत नाही. त्यासाठी शिक्षकांच्या खोलीत बसावं लागतं, तेही एका दिवसापुरतं नव्हे.

जपानमधली ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा सामूहिक अभ्यास, हे याचं उत्तम उदाहरण आहे. अपूर्णांकांच्या वजाबाकीसारखा एखादा पाठ चार-पाच शिक्षक मिळून आठवडेच्या आठवडे तयार करतात. टाचणात शिक्षक काय बोलणार एवढंच नसतं; मुलं कोणकोणती उत्तरं देतील, त्यातली चुकीची कोणती आणि ती चूक कोणत्या समजुतीतून येईल, यासाठी वेगळा रकाना असतो. ठरल्या दिवशी एक जण पाठ घेतो आणि बाकीचे भिंतीलगत उभे राहून नोंदी करतात, पण त्या शिक्षकाच्या हावभावांच्या नसतात. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने कुठे खोडलं, काय पुन्हा लिहिलं, कोणाच्या वहीत डोकावलं, हे टिपलं जातं. फळ्याचीही आखणी आधीच झालेली असते. तासाच्या सुरुवातीला लिहिलेला प्रश्न शेवटपर्यंत पुसायचा नाही, म्हणजे तास संपताना विचार कुठून कुठे गेला हे मुलांना एका नजरेत दिसतं. मग चर्चा होते ती पाठाची. पाठ घेणाऱ्याची उलटतपासणी होत नाही. आपल्याकडे सराव पाठाचं निरीक्षण म्हणजे पुष्कळदा आवाज खणखणीत होता का, शैक्षणिक साहित्य आणलं होतं का, अशा मुद्द्यांपुढे गुण मांडणं. जपानी रीतीला पैसा लागत नाही, लागते ती सवय. आणि सवय कागदावर वाचून लागत नाही, चार जणांबरोबर काम करूनच लागते.

प्रश्नाने देश ठरवायचा म्हटलं, तर रायपूरच्या छात्राध्यापकाने हेलसिंकीच्या आधी कोलंबियाचा नकाशा काढायला हवा. तिथल्या डोंगराळ, खेडवळ भागांतल्या शाळा अशाच एकशिक्षकी, बहुवर्गी. १९७० च्या दशकात विकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस्कुएला नुएवा’ ही पद्धत बसवली. मुलं लहान गटांत, पायरीपायरीने लिहिलेल्या स्वाध्याय-पुस्तिकांवरून आपापल्या गतीने शिकतात आणि शिक्षक गटागटांतून फिरतो. सुगीच्या दिवसांत गैरहजर राहिलेलं मूल परत आलं, की जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे जातं. नापासाचा शिक्का बसत नाही. मोहफुलं वेचायच्या दिवसांत ज्या गावांतला वर्ग रिकामा होतो, तिथल्या शिक्षकाला यातून काय मिळेल हे सांगायला नको. भाषेचा प्रश्न घेऊन जायचं तर न्यूझीलंडला जावं. १९८२ पासून तिथे ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेची घरटी चालतात. माओरी बोलणाऱ्या आज्या-आजोबांच्या सहवासात बालवाडीतली मुलं आपली भाषा शिकतात, आणि त्यातूनच पुढे माओरी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. छत्तीसगडने २०२० साली प्राथमिक शिक्षणात छत्तीसगढी, गोंडी, हल्बी, भतरी, सरगुजिया, कुडुख अशा भाषांना जागा द्यायचं जाहीर केलं. पुस्तकं छापता येतात. ती वर्गात कशी वापरायची आणि गावातल्या म्हाताऱ्यांना शाळेत कसं आणायचं, हे शिकायला अशी घरटी पाहावी लागतील.

आता मुद्दा जाणाऱ्याचा. आपल्याकडे परदेश दौरा म्हणजे ज्येष्ठतेचं बक्षीस, म्हणून प्राचार्य जातात आणि आठवड्याभरात परततात. त्यांच्या अनुभवाची किंमत कमी नाही, पण पंचवीस वर्षांची शिकवायची सवय आठ दिवसांत हलत नाही, आणि पाहुण्याला यजमान आपली चांगलीच बाजू दाखवतो. छात्राध्यापकाची सवय अजून घडायची असते. तो पाहुणा नसतो, उमेदवार असतो. त्याला वर्ग घ्यावा लागतो, चुकावं लागतं, कोणीतरी त्याच्या चुका काढतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात १९७० च्या दशकापासून अशी सोय आहे. भावी शिक्षक आधी त्या देशाचा अभ्यास करतात, मग आपल्या राज्यातल्या शाळेत शिकवतात, आणि त्यानंतर सुमारे आठ आठवडे परदेशातल्या शाळेत. भारतातल्या शाळांतही ते आलेले आहेत. युरोपातले छात्राध्यापक ‘इरॅस्मस’ योजनेखाली शेजारच्या देशांत सराव पाठ घेतात. आपल्या दोन वर्षांच्या बी.एड. मध्ये २०१४ च्या नियमांनुसार शाळेतला अनुभव वीस आठवड्यांचा आहे. त्यातले सहा-आठ आठवडे निवडक विद्यार्थ्यांसाठी बाहेर काढता येतील. ‘अजून नोकरी नाही, अधिकार नाही, तो परत येऊन काय बदलणार?’ असं विचारलं जाईल. अधिकार लागतो तो व्यवस्था बदलायला. चार सहकाऱ्यांना बरोबर घेऊन एक पाठ नीट तयार करायला लागत नाही. आणि परतल्यावर ठरावीक वर्षं राज्याच्या शाळेत काम करण्याचा करार करून घेता येतो, वैद्यकीय विद्यार्थ्यांकडून घेतला जातो तसा.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की फिनलंड हा साधारण ५५ लाख लोकांचा श्रीमंत देश, त्याचा छत्तीसगडला काय उपयोग? आक्षेप रास्त आहे, आणि देश प्रश्नावरून निवडावा असं म्हणण्यामागचं कारणही तेच आहे. शिवाय नमुना म्हणून डोक्यावर घेतलेले देशही जागच्या जागी राहत नाहीत. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडचे गणिताचे सरासरी गुण २००६ मध्ये ५४८ होते, २०२२ मध्ये ४८४ झाले. जो ‘फिनलंड मॉडेल’ आणायला जाईल तो हे आकडे पाहून गोंधळेल. जो विशिष्ट प्रश्न घेऊन जाईल त्याला ही घसरणसुद्धा शिकवील. दुसरा आक्षेप, की आता सगळं इंटरनेटवर दिसतं, आणि गिजुभाईंनी तर माँटेसरीची पुस्तकं वाचूनच काम उभं केलं. हे अर्धं मान्य करायला हवं. ज्याने वाचलेलं नाही त्याला पाठवूच नये. पण चित्रफितीत पाठ दिसतो. त्या पाठाआधीची तीन आठवड्यांची खटपट आणि तासानंतर शिक्षकांच्या खोलीत झालेला वाद दिसत नाही, आणि शिकण्यासारखं असतं ते तिथेच. गिजुभाईंसारखी कल्पकता अपवादाने मिळते. अपवादावर प्रशिक्षणाची घडी बसवता येत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. कोसबाड, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या बहुवर्गी ग्रामीण शाळा, हे सगळं देशातच असताना परदेश कशाला? म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बस्तरमधली शाळा, मग कोसबाड किंवा ऋषी व्हॅली, आणि तिथेही उत्तर न मिळालेला प्रश्न उरला तरच पारपत्र. असे प्रश्न आणि ते धरून बसणारे विद्यार्थी थोडेच असतील, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहील. मोठ्या तुकडीला आठवडाभर फिरवण्यापेक्षा चौघांना दोन महिने ठेवणं शहाणपणाचं. शेवटची भीती न्यूनगंडाची: परदेशाहून आलेला शिक्षक आपल्या शाळेला नाकं मुरडेल. रिकाम्या हाताने गेलेला मुरडेलही. पण ज्याने गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी एकाच वर्गात सांभाळायची धडपड केली आहे, त्याच्याजवळ देण्यासारखंही काही असतं. स्थलांतरितांच्या मुलांमुळे आज युरोपातले वर्ग झपाट्याने बहुभाषक होत आहेत, आणि एकभाषक वर्गाची सवय असलेले तिथले शिक्षक चाचपडत आहेत. बस्तरच्या शाळेत रोज घडतं ते त्यांच्यासाठी नवं आहे.

रायपूर या कामाला लायक शहर आहे. इथे शिकलेल्या माधवराव सप्र्यांनी वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्यासोबत जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, आणि पुढे ‘दासबोध’ व टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. एका भाषेतला विचार दुसऱ्या भाषेच्या लोकांना आपला वाटेल असा मांडायचा, हे या मराठी माणसांनी इथे सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. परदेशाहून आलेल्या छात्राध्यापकाकडून तेच मागायला हवं. प्रवासाचा अहवाल छायाचित्रांसकट कपाटात जाऊ नये. त्याने निघण्यापूर्वी आपला प्रश्न एका पानात लिहून द्यावा. परतल्यावर वर्षभर बस्तर-सरगुजाच्या शाळेत तो सोडवून पाहावा, आणि काय जमलं, काय फसलं हे हिंदीत आणि त्या मुलांच्या भाषेत लिहावं. ते लिखाण पुढच्या तुकडीच्या हाती पाठ्यसाहित्य म्हणून द्यावं. मग दिल्लीतल्या त्या फायलीवरच्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं जाईल. खर्चाच्या मानाने काय मिळालं, ते एखाद्या एकशिक्षकी शाळेतल्या तिसरीच्या मुलाला आपल्या वहीतलं वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगता येतो का, यावरून ठरवावं.